नानांनी काढलेलं टोक

मी मूळची भोसरीची. इथे कोणी विचारलं तर पुण्याची म्हणून मोकळी होते, पण तेव्हा आम्हाला पुणं म्हणजे बसने जायचं गाव, आम्ही भोसरीचे, कंपनीच्या भोंग्यावर उठायचो आणि भोंग्यावरच जेवायला बसायचो. माझे वडील, त्यांना आम्ही नाना म्हणतो, टूलरूममध्ये फिटर होते. टूलरूम म्हणजे काय सांगू तुला, कारखान्यात बाकीचे लोक माल बनवतात आणि टूलरूमवाले तो माल बनवायची हत्यारं बनवतात, म्हणून त्यांची कॉलर जरा ताठ असते, नानांची तर फारच. घरात विळी बोथट झाली, कात्री अडायला लागली, की आईने तोंड उघडायच्या आत नाना मांडीवर जुना टॉवेल टाकून तेलाचा दगड घेऊन बसलेले. शेजारणीसुद्धा विळ्या पाठवायच्या, आणि मग कोणाचं बोट कापलं की बायका म्हणायच्या, काल नानांनी धार लावली वाटतं.

माझ्या पेन्सिलींना टोक तेच काढायचे. शार्पनर घरात येऊ दिला नाही त्यांनी, म्हणायचे ते यंत्र लाकूड खातं. ब्लेडने तीन बाजूंनी तीन पैलू पाडायचे आणि पुढे असं टोक काढायचे की गालाला लावलं तर रक्त येईल. आणि व्हायचं काय, मी लिहायला लागले की वहीचा कागद फाटायचा. आमच्या बाई म्हणायच्या, वैशाली, वडिलांना सांग पेन्सिल लिहायला असते, भोसकायला नाही. मी घरी येऊन सांगितलं, तर नाना म्हणाले, बाईंना सांग टोक बरोबर आहे, हात जड आहे, हात हलका ठेवायला शीक. मग शिकले मी, झाला हात हलका, आणि त्याच हलक्या हातावर मला इथलं काम मिळालं, पण ते पुढे सांगते.

आधी डोळ्याचं सांगते, कारण त्याच्याशिवाय तुला माझी भीती कळायची नाही. नाना कामावरून यायचे ते कितीदा एक डोळा मिटूनच, लोखंडाचा कीस गेलेला असायचा. चष्मा लावायचे नाहीत, म्हणायचे चष्म्याने माप चुकतं. आई त्यांना खिडकीशी बसवायची, पापणी उलटी करायची आणि पदराच्या टोकाने तो कीस काढायची, आणि मी कपाटाच्या दाराआड उभी राहून स्वतःचे दोन्ही डोळे हातांनी झाकून घ्यायची. एकदा तो निघालाच नाही, डॉक्टरकडे नेलं, पट्टी बांधून आणलं, आणि त्या पट्टीकडे बघून मला जेवण गेलं नाही. तेव्हापासून ते भय बसलंय ते बसलंय. माझ्या मुलीला, ईशाला, मी कधी गलोल घेऊन दिली नाही. दिवाळीत फुलबाजी पण लांबून. आणि असली मी, काम करते कुठे, तर बंदुकांच्या क्लबमध्ये. माझा नवरा म्हणतो, उंदराने मांजराच्या घरी नोकरी धरली.

लग्न करून मी इथे आखातात आले, मुसाफाला माझे मिस्टर एका गोडाऊनमध्ये स्टोअरकीपर, आणि आम्ही राहतो मोहम्मद बिन झायद सिटीत, एका व्हिलाच्या वरच्या मजल्यावर. ईशा शाळेत जायला लागली तशी मी या क्लबात लागले, अल ऐनच्या रस्त्याला वाळूत आत आहे, नाव नको लिहूस. तिथे लोक उडत्या मातीच्या चकत्यांवर बंदूक चालवतात, जनावर-पक्षी काही मारत नाहीत. मी काउंटरवर होते, पावत्या फाडायच्या, हसून वेलकम म्हणायचं. मग काडतुसं भरणारा माणूस श्रीलंकेला परत गेला आणि मुदीर, म्हणजे आमचे मॅनेजर, इथे मुदीरच म्हणतात, ते म्हणाले, सिस्टर, तुझं काउंटर एवढं नीटनेटकं असतं, तू हे काम शिक. क्लबला परवाना आहे, वापरलेली काडतुसं आम्ही परत भरतो, सरावापुरती. मी नाही म्हणणार होते. पण एसीतली खोली, एकटीचं काम, कोणाशी फार बोलायचं नाही. तू पण तसलीच दिसतेस, कमी बोलणारी, तुला कळेल.

काम असं असतं बघ. रिकामं काडतूस घ्यायचं, मागचा जळलेला प्रायमर काढायचा, नवा बसवायचा, मग मोजून दारू, मग प्लॅस्टिकची वाटी, मग छर्रे, आणि तोंड मिटायचं. सगळं प्रेसवर. प्रायमर म्हणजे काडतुसाच्या बुडाला मधोमध ती पितळी टिकली असते ना, ती. बंदुकीतली पिन तिच्यावर आपटते, ती पेटते, आणि तिच्यामुळे आतली दारू पेटते. पिन आपटली की टिकलीवर खळगा पडला पाहिजे, पेढ्यावर अंगठा दाबल्यासारखा, गोल, गुळगुळीत. भोक पडता कामा नये. भोक पडलं तर आतला जाळ मागे येतो. आणि मागे काय असतं? मागे बंदूक चालवणाऱ्याचा चेहरा असतो.

आता यूसुफभाई. ते आमचे आर्मरर, बंदुका दुरुस्त करणारे, हैदराबादचे, साठीला टेकलेले, मला अम्मा म्हणतात, लहान आहे मी त्यांच्यापेक्षा तरी. दरवर्षी खंडेनवमीला, म्हणजे दसऱ्याच्या आदल्या दिवशी, आपल्यात हत्यारं पूजतात ना, तशी मी माझ्या प्रेसला पुसून, खालच्या बाजूला, कोणाला दिसणार नाही असं हळदकुंकू लावते आणि एक झेंडूचं फूल ठेवते. यूसुफभाईंनी पहिल्या वर्षीच पकडलं. म्हणाले, क्या अम्मा, मशीन कू बिंदी लगा दिये, अब इसकी शादी भी करते क्या? पण दुसऱ्या वर्षी स्वतःच विचारत आले, कब है तुम्हारी वो नवमी, मेरा वाइस भी साफ करके रखता हूँ.

आणि त्या वर्षी नाना आले होते. आई गेल्यावर भोसरीत एकटे, म्हणून तीन महिन्यांच्या व्हिजिट विसावर आणलं. पण बारा महिने काम केलेला माणूस फ्लॅटमध्ये काय करणार? माझ्या सगळ्या सुऱ्यांना धार लावून झाली, खालच्या मल्याळी बाईच्या लावून झाल्या, ईशाच्या कंपासपेटीतलं कर्कटक पण सोडलं नाही. ती म्हणाली, आई, प्लीज टेल आजोबा टू स्टॉप, धिस इज अ वेपन नाउ. खंडेनवमी जवळ आली तशी नाना म्हणाले, वैशू, तुझ्या कारखान्यात हत्यारं पूजतेस तर मला ने. मी मुदीरना विचारलं. मुदीर म्हणाले, यल्ला, म्हणजे चला, ब्रिंग युअर बाबा, पण फक्त मागच्या शेडमध्ये, बंदुकांच्या खोलीत नाही. बंदुकांच्या खोलीला कुलूप असतं, आणि शेडमध्ये चकत्या फेकायची मशीनं दुरुस्त होतात, तिथे लोखंड पकडायचा वाइस, कानशी, पाने, एवढंच. मला वाटलं, एवढंच.

नानांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. यूसुफभाईंनी खुर्ची दिली, चहा दिला, दोघांची हिंदी एकमेकांना निम्मी कळत होती पण तासभर बोलत बसले, सांधेदुखीवर. मग चकत्यांचं एक मशीन अडकलं म्हणून यूसुफभाई बाहेर रेंजवर गेले, मी माझ्या खोलीत गेले, आणि नाना टेबलाशी एकटे राहिले. टेबलावर यूसुफभाईंचे पंच, म्हणजे ठोकून खूण करायची टोकदार हत्यारं, आखणीचे सुये, आणि त्यांच्यातच एका ट्रेमध्ये तेलात भिजत घातलेल्या नव्या पिना. सीझनच्या आधी बंदुकांमध्ये बदलायच्या म्हणून काढून ठेवलेल्या. त्या पिनांची टोकं गोल असतात, साबुदाण्यासारखी. असावीच लागतात. नानांनी बघितलं, म्हणजे त्यांना वाटलं, झिजलेले पंच. आणि नानांच्या टूलरूमचा नियम, जो त्यांनी आयुष्यभर पाळला, की खंडेनवमीला बोथट हत्यार पूजायचं नाही, तो हत्याराचा अपमान असतो. माझा बाप खिशात दगड घेऊनच आला होता. बसले टोकं काढत.

मी पूजेला गेले तेव्हा सगळं कापडावर मांडलेलं, चकाचक, झेंडू ठेवलेले. यूसुफभाई परत आले, म्हणाले, वाह नानासाब, क्या चमका दिये! मी नमस्कार केला. नानांनी पण केला. बरं वाटलं गं, फार बरं वाटलं, आई गेल्यावर पहिल्यांदा ते हसताना दिसले. मी काही बघितलंच नाही.

मग हवा थंड झाली, सीझन लागला, गर्दी वाढली. एक दिवस दुपारी काउंटरवरच्या मुलीने बोलावलं, म्हणे एक बाई तक्रार करतायत. नवऱ्याबरोबर पहिल्यांदाच आलेली बाई होती, क्लबची भाड्याची बंदूक घेतलेली, तिच्या गालावर इथे, डोळ्याच्या खाली, मोहरीएवढा लाल डाग. रागावली पण नव्हती. म्हणाली, इट स्पॅट ॲट मी. थुंकली माझ्यावर. आणि तिने ते काडतूस माझ्या हातावर ठेवलं. मी उलटं करून बघितलं. टिकलीच्या मधोमध भोक, आणि भोकाभोवती काजळी. मी ते मुठीत लपवलं. कारण काडतूस माझं होतं, मी भरलेलं, माझ्या हलक्या हाताने.

तुला सांगते, त्या क्षणी मला एकच दिसत होतं, डोळ्याची पट्टी.

मी मुदीरना सांगितलं, त्यांनी माझी काडतुसं त्याच मिनिटाला बंद केली, कंपनीची तयार काडतुसं काढली. मला म्हणाले, सिस्टर, चेक एव्हरीथिंग. रागावले असते तर बरं झालं असतं. मी खोलीत जाऊन दार लावून घेतलं आणि सुरुवात केली. दारू जास्त पडली का? जास्त दारू म्हणजे जास्त जोर, जास्त जोर म्हणजे टिकली फाटते. वजनकाटा तपासला, बरोबर. भरलेली काडतुसं उघडून दारू परत मोजली, बरोबर. उन्हात राहिली का? इथे उन्हात गाडीत ठेवलेल्या मालाचा भरवसा नसतो, पण आता थंडी होती आणि माल एसीत होता. प्रायमरचा नवीन खोका आला होता, त्याच्यावर संशय घेतला, त्यातले बाजूला काढले, जुन्यातले लावून थोडी भरली, यूसुफभाईंना म्हणलं चालवून बघा. आणि खिडकीतून बघत उभी राहिले, डोळ्यांवर हात ठेवून, बोटांच्या फटीतून. यूसुफभाई रिकामी काडतुसं घेऊन परत आले तर त्यातल्याही काहींना भोकं.

घरी जाऊन मी काही बोलले नाही. नवऱ्याने विचारलं, जेवत का नाहीस. नाना म्हणाले, कामावर काही झालं का? म्हणलं, काही नाही नाना, प्रायमर खराब आलेत. ते म्हणाले, कारागिराने मालाला नावं ठेवू नयेत, आधी हत्यार बघावं. बघ, तेच म्हणाले. मला तेव्हा त्यांचा रागच आला.

पण सकाळी तेच डोक्यात घेऊन गेले. यूसुफभाईंना म्हणलं, प्रत्येक बंदुकीची रिकामी काडतुसं वेगळ्या बादलीत टाका. त्यांनी कुरकूर केली, क्या अम्मा, मेरे कू बादल्यां बाटने बिठाये, पण केलं. दुपारपर्यंत बादल्या माझ्यापुढे. मी एकेक उलटं करून बघत गेले. मेंबर लोक आपापल्या बंदुका आणतात, त्यांच्या बादल्यांमध्ये माझीच काडतुसं होती, त्यांनी आधी घेऊन ठेवलेली, सगळ्यांवर पेढ्यासारखे खळगे. भोकं फक्त क्लबच्या भाड्याच्या बंदुकांच्या बादल्यांमध्ये. आणि मग त्याच बादल्यांमध्ये मला ती दुसरी सापडली, कंपनीची तयार, ज्यांना माझा हात पण लागलेला नव्हता. त्यांना पण भोकं.

काय सांगू, माझ्या छातीवरचा दगड उतरला. माझी काडतुसं नाहीत. माझा हात नाही. मी अक्षरशः हसले. यूसुफभाईंना म्हणलं, बंदूक आहे, बंदूक उघडा. त्यांनी बंदूक उघडली, पिन काढली आणि पांढऱ्या कापडावर ठेवली.

तीन पैलू. तीन बाजूंनी तीन पैलू आणि पुढे टोक. पहिलीपासून चौथीपर्यंत रोज सकाळी दप्तरात ठेवलेली पेन्सिल मी ओळखणार नाही?

मी खाली बसले. यूसुफभाई म्हणत होते, क्या हुआ, क्या हुआ, आणि ती पिन डोळ्याजवळ नेऊन, लांब धरून, परत जवळ नेऊन बघत होते, आणि तेव्हा मला कळलं की त्यांना दिसतच नाहीये. त्यांनीच बसवल्या होत्या सगळ्या. तेच म्हणाले मग, हळू, की बायीं आँख में धुंध है अम्मा, दो साल से, बोला नहीं किसी कू, विसा के मेडिकल में निकाल दिये तो? मी सांगितलं त्यांना, ही टोकं कोणी काढली. ते दाराकडे बघून म्हणाले, नक्को बोलो. किसी कू नक्को बोलो. बंदूक का पुर्जा है, परदेसी आदमी, व्हिजिट विसा, मालूम ना क्या होता? मैं आज के आज सब बदल देता हूँ, पुरानी पिनें डाल देता हूँ, खलास.

आणि मी, खरं सांगते, मी हो म्हणत होते. मला नानांचा पासपोर्ट दिसत होता, पोलीस दिसत होते, नाना कुठल्यातरी खोलीत बसलेले, भाषा कळत नाही, शर्टाची कॉलर नीट करतायत. मी म्हणलं, बदला. त्यांनी एकेक बंदूक उघडली, एकेक पिन काढून कापडावर ठेवली. आणि ट्रेमध्ये होत्या त्याच्यापेक्षा एक कमी भरली. परत बघितलं, कमीच. मग यूसुफभाईंनी कपाळाला हात लावला. अबू माजिदची बंदूक. जुने मेंबर, सर्व्हिसिंगला दिली होती, त्यांनाही नवी पिन टाकून दिली, आणि ते ती घेऊन अल ऐनकडच्या त्यांच्या शेतावर गेले होते, मुलाला चकत्या मारायला शिकवायला.

आता गप्प कशी राहू? अबू माजिदना फोन करायचा तर नंबर मुदीरकडे, आणि मुदीरना काय सांगायचं? यूसुफभाई म्हणाले, बोल दो पिन खराब आयी. मी दारापर्यंत गेले ते हेच घोकत, पिन खराब आली, पिन खराब आली. आणि मुदीरच्या टेबलासमोर उभी राहिले आणि तोंडातून निघालं, माय फादर डिड इट. का निघालं मला माहीत नाही. मला वाटतं खोटं बोलायला पण थोडी कमी भीती लागते.

मुदीरनी आधी फोन लावला. वाजत राहिला. परत लावला. वाजत राहिला. मग उठले, गाडीची किल्ली घेतली, यल्ला. मी मागच्या सीटवर, यूसुफभाई पुढे, रस्ताभर मुदीर फोन लावतायत आणि तो स्पीकरवर वाजतोय. मी आईची आठवण काढली, देवीला म्हणलं, त्या पोराचे डोळे राख, बदल्यात माझे घे. असं बोलू नये, पण बोलले.

शेतावर पोचलो तर अबू माजिद खजुराच्या झाडांखाली चटईवर बसून जेवत होते, फोन म्हणे गाडीत राहिला. अरे या या, बसा, जेवा. मुलगा माजिद शेजारीच, कॉलेजात जाणारा, उंच. मी आधी त्याचे डोळे बघितले. दोन्ही होते. मुदीरनी अरबीत सगळं सांगितलं. अबू माजिदचा हात ताटातच थांबला. मग माजिद उठून आत गेला आणि नेमबाजीचा चष्मा घेऊन आला, हसत हसत म्हणाला, मला वाटलं खडा उडाला. उजव्या काचेवर, बुबुळ जिथे येतं बरोबर तिथे, एक खड्डा. टाचणीच्या डोक्याएवढा, काळा. तो चष्मा शंभर दिरहमचा, म्हणजे आपले तेवीसशे रुपये. तेवढ्या एका प्लॅस्टिकच्या काचेवर त्या पोराचा डोळा वाचला होता. यूसुफभाईंनी तिथेच बंदुकीतून पिन काढली. ते बोटांनी चाचपत होते, आणि मुदीर ते बघत होते, तर यूसुफभाईंनी स्वतःच सांगून टाकलं, साहब, मेरे कू बराबर दिखता नहीं.

परतताना मुदीर एवढंच म्हणाले, सिस्टर, हत्याराची गोष्ट आहे, आय मस्ट रिपोर्ट. मी म्हणलं, ही इज ओल्ड मॅन. ते म्हणाले, आय नो. इन्शाल्ला खैर.

घरी जिना चढताना मला आवाज ऐकू आला. खर्र, खर्र. नाना किचनमध्ये बसून खिसणीला धार लावत होते. मी समोर बसले आणि सांगितलं. त्यांना नीट कळलं नाही, ते म्हणाले, बंदूक? मी तर बंदूक बघितली पण नाही. ईशा दारात उभी होती, तिला सगळं कळलं, ती म्हणाली, आई, इज आजोबा गोइंग टू जेल? मी म्हणलं, जा, अभ्यास कर.

पोलिसांचं बोलावणं आलं. ते येईपर्यंत दारावर टकटक झाली की मी नानांना आत जा म्हणायची, डिलिव्हरीवाला असला तरी. सकाळची वेळ होती, नाना तोच शर्ट घालून, डोक्याला तेल लावून, पासपोर्ट प्लॅस्टिकच्या पिशवीत. ऑफिसर तरुण होता, सभ्य होता, हिंदी येत होतं त्याला, पण नानांची मराठी कळेना, म्हणून मी मधे. त्याने कागदावर पिन ठेवली. विचारलं, हे काय आहे ते बाबांना माहीत आहे? नाना म्हणाले, पंच. झिजलेला होता, मी टोक काढलं. टोक माझंच आहे. मी ते हिंदीत सांगताना मला वाटलं थोडं बदलून सांगू, पण नाना माझ्याकडे बघत होते. मग नानांनी मला विचारलं, पण वैशू, झालं काय त्याने? ऑफिसरने मान हलवली, सांग म्हणून. पुराव्यात ते पहिलं काडतूस होतं, मी ते उलटं करून नानांना दाखवलं. नानांनी चष्मा काढला, पुसला, लावला. ते भोक बराच वेळ बघितलं. म्हणाले, म्हणजे तुझ्या वहीसारखं झालं.

मला ते हिंदीत सांगता आलं नाही. ऑफिसर विचारतोय, क्या बोला बाबा? मी रडायला लागले. नानांनीच मग आपल्या हिंदीत सांगितलं, कान धरून, साहब, जास्ती तेज हो गया.

तो हसला नाही. लिहून घेतलं, सही घेतली, जायला सांगितलं. पुढे क्लबची तपासणी झाली, शेडचं दार आता नेहमी कुलपात, पाहुणा नाही, चष्मा घातल्याशिवाय कोणाला रेंजवर पाऊल टाकू देत नाहीत. माझी नोकरी टिकली. यूसुफभाईंना मुदीरनी डोळ्याच्या ऑपरेशनला हैदराबादला पाठवलं, जागा राखून ठेवली, आणि ते परत आले, आता म्हणतात, अम्मा, पहले तुम गोरे दिखते थे. नानांचं विमान ठरल्या दिवशीच होतं, पण पासपोर्टवर शिक्का पडेपर्यंत मी काचेपलीकडे उभी राहून त्या माणसाच्या हाताकडे बघत होते, शिक्का वर गेला, आणि खाली येईपर्यंत माझा श्वास वरच.

लोक म्हणतात, संपलं की आता. संपत नाही गं. मी अजून रोज काडतुसं भरते, आणि बाहेर प्रत्येक बार झाला की माझा हात डोळ्याकडे जातो. माजिदचा तो चष्मा मुदीरनी काउंटरमागे टांगलाय, मी त्याच्याकडे न बघता जाते. नाना भोसरीत एकटे आहेत. शेजारच्या बाईने विळी पाठवली तर म्हणतात, बाई, आता दिसत नाही. दिसतं त्यांना. रोज संध्याकाळी फोन करतात आणि आधी हेच विचारतात, आज कोणाला काही झालं नाही ना? मी नाही म्हणते, मग ते जेवायला बसतात.

आत्ता खंडेनवमी झाली. शेडमध्ये आता कोणाला सोडत नाहीत, म्हणून मी माझ्या खोलीतच कापड पसरलं, प्रेस पुसला, फूल ठेवलं. यूसुफभाई एक नवी पिन घेऊन आले, म्हणाले, इस कू भी लगा दो अम्मा, इस से डर लगता. मी नानांना व्हिडिओवर घेतलं. त्यांनी पिन जवळ आणायला सांगितली. अजून जवळ. गोल टोक, साबुदाण्यासारखं, कुठेही पैलू नाही. मी म्हणलं, नाना, तुमचा नियम, बोथट पूजायचं नाही ना? ते पिनेकडे बघतच राहिले. मला वाटलं रेंज गेली.

मग म्हणाले, यंदा बोथटच पूज, वैशू. आणि मी कुंकू लावताना बघितलं, त्यांनी हात जोडले होते, पण डोळे मिटले नव्हते.